वाई: नदीच्या कलाने चार दिवस

वाई बघायला बहुतेक लोक दोन तास देतात. महाबळेश्वरला जाताना गाडी वळवायची, ढोल्या गणपतीला हात जोडायचे, घाटावर फोटो काढायचा आणि पसरणी घाट चढायला लागायचं. एवढ्यात गणपती दिसतो, वाई दिसत नाही. हे गाव कृष्णा नदीच्या कलाने बांधलेलं आहे. आळ्यांची नावं, देवळांच्या भिंती, उत्सवांचा क्रम, सगळं पाण्याशी हिशेब ठेवून. तो हिशेब पायी फिरल्याशिवाय कळत नाही, म्हणून चार दिवस हवेत. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. वैशाखात पात्रात पाण्यापेक्षा दगड जास्त दिसतात, आणि आषाढ-श्रावणात घाटाच्या खालच्या पायऱ्या कधी पाण्याखाली जातील याचा नेम नसतो.

पहिला दिवस: सुरूर फाटा ते गंगापुरी

पुण्याहून सुमारे ९० किलोमीटर. खंबाटकी घाट उतरल्यावर सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं, तिथून वाई ११-१२ किलोमीटर. शनिवारी सकाळी खंबाटकीत ट्रकांच्या मागे अडकलात तर तासभर जातो, त्यामुळे पुणं सहाच्या आत सोडावं. एसटीने यायचं तर स्वारगेटहून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वाईवरून जातात. साताऱ्याहून वाई ३५ किलोमीटर. रेल्वे वाईला आलीच नाही. इंग्रजांच्या काळात महाबळेश्वरला जाणारे वाठार स्टेशनला उतरायचे आणि पुढे टांग्याने वाईवरून पसरणीच्या घाटाला लागायचे. म्हणजे वाटेवरचं गाव ही वाईची ओळख आजकालची नाही.

फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता जवळजवळ सपाट आहे. दोन्ही बाजूंना शेती आणि समोर डोंगरांची भिंत. हे डोंगर नीट बघावेत: माथे सुरीने कापल्यासारखे सपाट आणि अंगावर आडव्या पट्ट्या. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला हा काळा कातळ. वाईतल्या देवळांना आणि घाटांना लागलेला दगड याच जातीचा आहे. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७१८ मीटरवर, कृष्णेच्या डाव्या तीरावर आहे. लोकवस्ती २०११च्या जनगणनेत ३६ हजारांच्या आसपास होती. त्यानंतर गाव सुरूर रस्त्याच्या अंगाने बरंच पसरलं, पण जुनी वाई अजून नदीलाच धरून आहे.

सामान टाकून थेट घाटावर जावं. घाट सात: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. ही केवळ घाटांची नावं नाहीत. प्रत्येक घाटामागे त्याच नावाची आळी, आळीचा आपला उत्सव, आपली मंडळी आणि आपला अभिमान. जुन्या वाईकराला पत्ता विचारला तर तो रस्त्याचं नाव सांगत नाही, आळी सांगतो. एका घाटावरून दुसऱ्यावर काठाकाठाने चालत जाता येतं, फक्त मधेमधे वर आळीत चढून पुन्हा उतरावं लागतं. रमतगमत दोन तास धरा. पायांत रबरी तळाची चप्पल हवी. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि पाऊस संपल्यावरचे दोन महिने ते वरून वाळलेलं, आतून ओलं असतं. लोक घसरतात ते तेव्हाच.

गणपती आळीच्या घाटावर महागणपती, म्हणजेच ढोल्या गणपती. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती एकाच दगडातली, अंगापिंडाने एवढी भरलेली की 'ढोल्या' हे नाव आपसूक पडावं. दर्शन झालं की सगळे वळून पायऱ्या उतरतात. तसं न करता देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला जावं. वाईची सगळी अक्कल त्या मागच्या भिंतीत आहे. भिंत सरळ नाही. दोन्ही बाजूंनी निमुळती होत जाऊन तिची मधोमध धार झाली आहे. होडीची नाळ असते तशी. तिला मत्स्याकार म्हणतात. ही धार प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून आहे. पुराचं पाणी सपाट भिंतीवर आदळलं तर सगळा जोर एका जागी बसतो, पाणी तटतं, भिंतीच्या कडांशी भोवरे होतात आणि ते पायाखालची माती उपसतात. धार असली की पाणी दुभंगतं आणि दोन्ही कुशींनी निघून जातं. पुलाच्या खांबांना वरच्या बाजूला टोक काढतात ते याच कारणासाठी. पूर येतो तेव्हा पाणी देवळात शिरतं, त्याला इलाज नाही. बांधणाऱ्यांनी पाणी अडवायचा विचारच केला नव्हता, देऊळ जागेवर राहावं एवढाच त्यांचा हेतू होता. अडीचशेहून अधिक पावसाळे ते राहिलं आहे.

शेजारीच काशीविश्वेश्वराचं देऊळ. ते आनंदराव भिकाजी रास्त्यांनी १७५७ मध्ये बांधलं. आवार मोठं, भोवती तट, आत दोन दीपमाळा. इथला नंदी काळ्या दगडाचा, आणि घोटाई अशी की उन्हात त्याच्या पाठीवर आभाळ दिसतं. गळ्यातल्या माळा आणि घंटा बोट लावून मोजाव्याशा वाटतात.

रास्ते हे नाव वाईत पावलोपावली भेटतं. मूळ आडनाव गोखले. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातली, भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी. पेशव्यांचे व्याही झाल्यावर घराण्याकडे पैसा आणि अधिकार आला, आणि त्यांनी तो वाईच्या दगडात ओतला. आज आपण 'जुनी वाई' म्हणून जे बघतो त्यातलं बरंच अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे. गाव मात्र त्याहून कितीतरी जुनं. पांडव अज्ञातवासात राहिले ती विराटनगरी हीच, असं इथे सांगतात. आदिलशाहीत वाई हा मोठा परगणा होता. अफजलखान १६४९ पासून इथला सुभेदार होता. १६५९ मध्ये तो फौज घेऊन आला तेव्हा तळ वाईलाच पडला आणि इथूनच तो जावळीत उतरला. मोठी फौज पोसायला धान्य, वैरण आणि बारमाही पाणी लागतं. डोंगरांच्या पायथ्याला ते सगळं मिळण्याची शेवटची जागा हीच.

कृष्णाबाईच्या उत्सवाचं मूळही त्याच वर्षाशी जोडतात. खानाचं संकट टळावं म्हणून शेंडे आडनावाच्या शास्त्र्यांनी नदीला नवस केला, संकट टळलं आणि उत्सव सुरू झाला, अशी परंपरा आहे. माघ-फाल्गुनात एकेका घाटावर पाळीपाळीने उत्सव बसतो. घाटावर मांडव, त्यात कृष्णाबाईची मूर्ती, कीर्तन, गाणं, प्रसादाची पंगत. एका आळीचा आटोपला की दुसरीचा. नदी ही देवी आहे, पण तिला 'बाई' म्हणतात, घरातल्या थोरल्या बाईसारखं. उत्सवात यायचं तर आधी कुठल्या आळीची पाळी आहे ते विचारून घ्यावं, नाहीतर गणपती घाटावर शांतता आणि खरी गर्दी चार घाट पलीकडे, असं होतं.

गुरू कन्या राशीत गेला की वर्षभर कन्यागत. तेव्हा गंगा कृष्णेला भेटायला येते, असं मानतात. बारा वर्षांनी येणारं हे पर्व २०१६ मध्ये झालं.

दिवस मावळता मावळता गंगापुरीत यावं. वाईचा दुसरा चेहरा इथे आहे. नारायणशास्त्री मराठे, पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा इथली. विनोबा भावे १९१७ मध्ये आश्रमातून रजा घेऊन त्यांच्याकडे शिकायला आले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याच पाठशाळेत घडले. धर्मकोशाचं, म्हणजे धर्मशास्त्राच्या वचनांच्या संग्रहाचं, काम इथे सुरू झालं आणि मराठी विश्वकोशही इथूनच निघाला. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा २०१५ मध्ये. सगळ्या जगाचं ज्ञान मराठीत आणायचा कारखाना मुंबई-पुण्यात न निघता या तालुक्याच्या गावात निघाला, कारण तर्कतीर्थ वाई सोडायला तयार नव्हते असं म्हणतात. कारण काहीही असो, काम इथे टिकलं खरं.

दुसरा दिवस: मेणवली आणि धोम

दोन्ही ठिकाणं नदीच्या वरच्या अंगाला, एकाच रस्त्यावर. मेणवली तीन किलोमीटर, धोम आठ-नऊ. मेणवलीपर्यंत चालत जावं, पुढे रिक्षा ठरवावी. परतीचं भाडं जातानाच बोलून घ्यावं. धोमला उभी रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नये.

मेणवली म्हणजे नाना फडणवीसांचं गाव. १७६८ मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते नानांना इनाम दिलं. नानांनी इथे वाडा, घाट आणि देवळं बांधली. वाडा सहा चौकांचा, मातीच्या जाड भिंतींचा, आणि अजूनही खाजगी मालकीचा. बघायला देतात, तिकीट असतं, पण सगळी दालनं उघडी असतीलच असं नाही. आत शिरल्यावर डोळे सरावायला दोन मिनिटं द्या, मग भिंतींवरची रंगीत चित्रं उमटायला लागतात. फ्लॅश मारू नये. चित्रांचा रंग आधीच विटला आहे. लाकडी जिना चढताना डोकं सांभाळावं, चौकटी बुटक्या आहेत.

वाड्याच्या मागच्या दाराने थेट घाटावर उतरता येतं. घाटाचा आकार चंद्रकोरीसारखा, नदीच्या वळणाला बेतलेला. दोन देवळं आहेत, मेणेश्वर महादेवाचं आणि विष्णूचं. घाट इतका देखणा की सिनेमावाल्यांनी त्याला सोडलेलं नाही. चित्रीकरण चालू असलं की घाट बंद, म्हणून निघण्यापूर्वी वाईत चौकशी करावी.

घाटावर एका छोट्या दगडी बांधकामात एक मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन वर बघा. घंटेच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे आणि साल आहे १७०७. ही वसईच्या पोर्तुगीज चर्चची घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांना वाहिल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात अशीच एक आहे आणि भीमाशंकरलाही. आपल्या देवळातली घंटा म्हणजे लोळी हाताने हलवून वाजवायची. ही मुळात मनोऱ्यात दोरीने ओढून वाजवायच्या जातीची, म्हणून तिचा घेर आणि ओठाची जाडी वेगळी. नाद लांबतो आणि पाण्यावरून पलीकडे जातो. येणारा प्रत्येक जण ती जिवाच्या आकांताने बडवतो. तीनशे वर्षांचं ओतकाम आहे, एक हलका ठोका पुरे.

धोमला दोन गोष्टी बघायच्या, गाव आणि धरण. धौम्य ऋषींवरून गावाला धोम म्हणतात. देवळांच्या आवारात नृसिंह आहे आणि महादेव आहे, पण पाय थांबतात ते नंदीपाशी. कमळाच्या पाकळ्यांची कड असलेलं दगडी कुंड, कुंडात दगडी कासव, कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरलं की कासव तरंगतंय असं वाटतं. कोरडं असेल तेव्हा नुसती कारागिरी दिसते, गंमत दिसत नाही. म्हणून पावसाळा नुकताच संपलेला असताना यावं.

आता धरण. कृष्णेवरचं हे पहिलं मोठं धरण, साठा साडेतेरा टीएमसी (अब्ज घनफूट). त्याच्याही वर जोरच्या खोऱ्यात बलकवडी धरण आहे. नदी क्षेत्र महाबळेश्वराजवळ उगम पावून जोरच्या दरीत उतरते आणि पुढे सुमारे १४०० किलोमीटर वाहत आंध्रात हंसलदिवीला समुद्राला मिळते. जलाशयाच्या कडेला उभं राहिलं की समोर कमळगड दिसतो. त्याच्या एका अंगाला कृष्णेचं खोरं, दुसऱ्या अंगाला वाळकीचं. माथ्यावर गेरूची विहीर आहे, म्हणजे लाल मातीतून खाली पायऱ्या उतरत जाणारी भेग. पण कमळगडाला वेगळा दिवस लागतो.

वाईची नदी आज धोमच्या दारांतून वाहते, हे इथे उभं राहिल्यावर पटतं. डावा आणि उजवा असे दोन कालवे धरणातून निघतात आणि पाणी शेतांना जातं. पात्राला उरेल ते. म्हणून उन्हाळ्यात वाईच्या घाटांपुढे पाणी साचून राहतं, वाहत नाही. साचलेल्या पाण्यात गावाचं सांडपाणी मिसळलं की जलपर्णी पसरते आणि हिरवळ समजून कौतुकाने तिचे फोटो निघतात. पावसाळ्यात उलटं. पाऊस कोसळतो महाबळेश्वर-जोरच्या डोंगरावर. वाई पर्जन्यछायेत, तिथे भुरभुर. आधी बलकवडी भरतं, मग धोम, मग दारं उघडतात. तेव्हा वाईवर स्वच्छ ऊन असू शकतं आणि घाटावर पाणी मात्र पायरी पायरीने चढत असतं. भोंगा किंवा दवंडी ऐकू आली तर 'पाऊस कुठंय?' असं विचारत खालच्या पायरीवर बसून राहू नये. पुरात सापडतात ते बहुधा बाहेरगावचे, कारण गावातला माणूस वाईचं आभाळ बघत नाही, पश्चिमेचा डोंगर बघतो.

तिसरा दिवस: पांडवगड आणि लोहारे

पहाटे साडेपाचला निघावं. मेणवलीहून पांडववाडीच्या बाजूने चढता येतं. गडाची उंची सुमारे १२७० मीटर, म्हणजे वाईपासून साडेपाचशे मीटरची चढाई. सवयीच्या माणसाला दोन तास, नवख्याला तीन. माणशी तीन लिटर पाणी घ्यावं. माथ्यावर टाकी आहेत, पण डिसेंबरनंतर त्यांतलं पाणी गाळून, उकळूनच प्यावं. वाट सोंडेवरून चढते. चुकते ती माचीच्या खाली, जिथे गुरांच्या वाटा फुटतात. गुरांची वाट आडवी जाते, गडाची वर. आडवं जात राहिलात आणि दहा मिनिटांत चढ लागला नाही, तर मागे फिरावं. माथ्याकडचा काही भाग खाजगी मालकीचा आहे, तेव्हा कुंपण ओलांडू नये.

गडावर पांडजाई देवीचं लहानसं देऊळ, टाकी आणि थोडे अवशेष. बांधणी शिलाहार राजा दुसरा भोज याची मानतात. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांकडे आला, १८१८ मध्ये इंग्रजांकडे. गड म्हणून हे फार नाही. खरी कमाई माथ्यावरचा देखावा. इथून कृष्णेचं खोरं नकाशासारखं उलगडतं: पश्चिमेला धोमचं पाणी, मधोमध नदीची वळणं, वळणाला चिकटलेली वाई, पूर्वेला वैराटगड, दक्षिणेला पाचगणीचा टेबललँड. कृष्णेच्या डाव्या काठी जुनी वाई दाटीने आणि नवी वस्ती रस्त्यांच्या कडेने विरळ, हे एका नजरेत दिसतं.

उतरून दुपारनंतर लोहाऱ्याची लेणी करावीत. कातळात खोदलेली बौद्ध लेणी, लहान आणि साधी. मुख्य लेण्यातल्या स्तूपालाच पुढे पालपेश्वर महादेव मानून पूजा सुरू झाली. अजिंठ्याच्या अपेक्षेने गेलात तर निराश व्हाल. पण घाटावर चढणाऱ्या व्यापारी वाटेला भिक्षूंनी मुक्कामासाठी निवडलेली जागा म्हणून बघितलं तर वाईचं वय पेशव्यांच्या मागे बरंच सरकतं. बॅटरी न्यावी. आत वटवाघळं असतात.

चौथा दिवस: बावधन, पसरणी, सिडनी पॉइंट

फाल्गुन वद्य पंचमी, म्हणजे रंगपंचमी असेल तर बाकी सगळं सोडून बावधनचं बगाड बघावं. भैरवनाथाच्या नवसाचा हा गाडा. होळी पौर्णिमेला कौल लावून बगाड्या, म्हणजे गाड्यावर चढणारा नवसकरी, ठरतो. पंचमीला कृष्णाकाठी सोनेश्वरापासून बगाड निघतं आणि शेतांमधून बावधनला पोचतं. गाडा लाकडी, त्यावर उभा खांब आणि खांबावर आडवं लांबलचक शीड. शिडाच्या टोकाला बगाड्या. पूर्वी पाठीत गळ टोचत, आता कापडाने घट्ट बांधतात. ओढायला खिलार बैलांच्या जोड्या, आणि त्या ठरावीक अंतरावर बदलतात, कारण नांगरटीच्या ढेकळांतून एवढं ओझं एकाच जोडीला झेपत नाही. रस्ता सोडून रानातून गाडा नेतात तेव्हा चाक रुततं, जू तुटतं, तास जातात. गर्दीत गाड्याच्या पुढे किंवा शिडाखाली थांबू नये. उजव्या-डाव्या बाजूला, वरच्या बांधावर जागा धरावी. गाडी वाईतच ठेवून चालत यावं. त्या दिवशी बावधनचा रस्ता गाड्यांसाठी नसतो.

एरवी सकाळी पूल ओलांडून पसरणीला जावं. इंग्रजांच्या काळातला जुना कृष्णा पूल पाडून तिथे आता नवा झाला आहे. पसरणी हे शाहीर साबळे यांचं गाव, जन्म १९२३. बांधकाम उद्योजक बी. जी. शिर्के हेही इथलेच. गावापासूनच घाट सुरू होतो. वाई ते पाचगणी १२-१३ किलोमीटर आणि चढ सुमारे ५७० मीटर. चढताना अडचण नसते, उतरताना असते. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापून लागेनासे होतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पावसाळ्यात धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवा, वरचा झोत धुक्यावरून उलट डोळ्यांत येतो. माकडांना खायला घालायला वळणावर गाडी थांबवणारे या घाटातले सगळ्यात धोकादायक प्राणी.

पाचगणीच्या अलीकडे सिडनी पॉइंट. सकाळी नऊच्या आत पोचावं, नंतर खोऱ्यात धूसर होतं. खाली धोमचा जलाशय, धरणाच्या खालच्या अंगाला नदी, आणि नदीच्या काठाने काळ्या दगडाची बारीक रेघ. ते घाट. दुर्बीण असेल तर गणपतीचं शिखर शोधता येतं. आधी पूल बघायचा, तिथून प्रवाहाच्या कडेने नजर सरकवायची, पांढरं शिखर उठून दिसतं. कार्तिक-मार्गशीर्षात सकाळी नदीवरचं धुकं पात्राच्या वळणांनीच पसरलेलं असतं, तेव्हा शिखर दिसायला दहा वाजेपर्यंत थांबावं लागतं.